बारा चौरस फूट आणि एक गिनी

सावे ओव्हरसिअरांनी टेपचं पितळी टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "बाई, तेवढं कोपऱ्याला दाबून धरा. सरकू देऊ नका."

मी दाबून धरलं. स्टुडिओ माझा, कॅनव्हास माझा, आणि त्याचं माप घ्यायला मीच मदतनीस. रागाने कानशिलं तापली होती, पण टेप मात्र सरळ धरला होता.

"उंची चार फूट, रुंदी तीन. बारा चौरस फूट." सावे कानामागची पेन्सिल काढून लिहू लागले. "आता अटी सांगतो. अस्तराचे दोन हात. त्यावर ऑइल पेंटचे दोन हात. कुठेही कापड दिसता कामा नये. पोपडे नकोत, ओघळ नकोत, कडा सरळ. काम झाल्यावर जागा झाडून द्यायची."

"पोर्ट्रेट आहे हो हे, सावे."

"मला ठाऊक आहे, बाई." ते बिचारे ओशाळले. "पण रंगकामाला एकच छापील कागद आहे आमच्याकडे. गेल्या महिन्यात बाळंतिणींचा वॉर्ड रंगवला तो ह्याच अटींवर. इथे सही करा."

मी हातात पेन घेतलं आणि अटी पुन्हा एकदा वाचल्या. मग आणखी एकदा वाचल्या. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी अगदी ठसठशीत अक्षरांत सही केली: यशोधरा नवलकर.

ही छत्तीस सालची गोष्ट. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची, बिनलग्नाची, आणि ठाकूरद्वारला आमच्या घराच्या माळ्यावर स्टुडिओ थाटून बसलेली. जवळच स्त्रियांचं एक धर्मादाय इस्पितळ होतं. त्याचे अध्यक्ष सर जॉर्ज वेदरबी, निवृत्त जज्ज, कायमचे विलायतेला परत निघाले होते. दिवाणखान्यात त्यांचं तैलचित्र लावायचं ठरलं. काम मिळालं होतं हार्डकासल नावाच्या इंग्रज चित्रकाराला, भाव शंभर गिन्या. हार्डकासल ऐन वेळी आजारी पडून मायदेशी गेला आणि इस्पितळाचे सेक्रेटरी रावबहादूर वैशंपायन धापा टाकत माझा जिना चढून आले.

"सातशे रुपये देऊ," खुर्चीत टेकता टेकता ते म्हणाले. "फ्रेमसकट."

"पन्नास गिन्या," मी म्हटलं.

रावबहादुरांनी डोळे मिटून हिशेब केला. गिनीचे तेव्हा बरोबर चौदा रुपये होत.

"अहो, म्हणजे सातशेच की!"

"हो."

"मग वेगळं काय मागताय तुम्ही?"

"पैशाने काहीच नाही. कागदावर गिनी लिहा."

"तेवढेच होतात तर रुपये का नकोत?"

"तेवढेच होतात तर गिन्या का नकोत?"

रावबहादुरांनी पगडी काढून मांडीवर ठेवली. मनुष्य दुष्ट नव्हता. पण साहेबाच्या पायरीवर उभं राहून राहून त्याला बाकीची माणसं कुठल्या पायरीवर आहेत हे मोजायची खोड लागली होती.

"हे पाहा, मिस नवलकर. गिनी लिहिली की रक्कम फीच्या सदरात जाते. तिथे आमचे सर्जन असतात, सॉलिसिटर असतात. वार्षिक अहवालात त्यांची नावं आभारासह छापतात. रुपयाची रक्कम जाते कामाच्या सदरात. चुना, सुतारकाम, रंगकाम."

"आणि माझं चित्र कशात?"

"रंगच लावणार ना तुम्ही?"

मी हातातला ब्रश पुसून बरणीत ठेवला.

"हार्डकासलना गिन्या देणार होतात," मी शेवटी म्हटलं.

"ते विलायतेचे. त्यांच्याकडची रीत ती. आपल्या माणसाने इतकं ताणू नये. रंगकामाचं कंत्राट म्हणून घ्यायचं तर घ्या, नाहीतर राहू द्या. ओव्हरसिअर माप घ्यायला पाठवतो."

माझ्या वडिलांना घरात सगळे भाऊ म्हणत. भाऊंनी उभी हयात फोर्टातल्या एका सॉलिसिटरच्या कचेरीत कारकुनी केली. बॅरिस्टरांच्या फीचे आकडे ते लिहीत आणि त्या पोचत्या करून येत. त्यामुळे गिनी म्हटलं की ते तासभर बोलू शकत.

"नाणं म्हणून गिनी केव्हाच मेली," त्या रात्री जेवताना ते म्हणाले. "शंभरावर वर्षं झाली, टांकसाळीत पडली नाही ती. एकवीस शिलिंगांची होती. पौंडावर एक शिलिंग जास्त. पण साहेबाने भाव सांगण्यापुरती तिला जिवंत ठेवलीय. सुताराला, गवंड्याला पौंडांत द्यायचं. डॉक्टर, बॅरिस्टर, चित्रकार, ह्यांना गिनीत. रेसचा घोडासुद्धा गिनीत विकतात."

"मग निदान घोड्याच्या रांगेत तरी मला बसवा म्हणावं."

भाऊ हसले नाहीत. "थट्टा नाही, यशू. हे तुझं पहिलं मोठं काम. एकदा रुपयांत गेलीस की पुढचं गिऱ्हाईक साडेसहाशे म्हणेल. त्याच्या पुढचं फुटावर भाव करील. काम सोड, पण कंत्राटावर सही करू नकोस."

आणि दुसऱ्या दिवशी सावे आले, आणि मी सही केली. भाऊंना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. मला वाईट वाटलं. पण मनातलं सांगितलं असतं तर त्यांनी मला अडवलं असतं. चाळीस वर्षं कायद्याच्या सावलीत राहिलेला माणूस. त्यांना भीती वाटली असती.

सर जॉर्ज बैठकीला येऊ लागले. उंचेपुरे, तांबूस चेहऱ्याचे, पांढऱ्या भुवयांचे. खुर्चीत बसले की पहिल्या पाच मिनिटांत त्यांची मान छातीवर यायची आणि ते घोरू लागायचे. कोर्टातही असेच झोपत असतील तर कित्येक आरोपी त्या झोपेवर सुटले असतील. कोट रंगवायला झोपलेला माणूस उत्तम, हलत नाही. पण चेहरा? झोपेत त्यांचा चेहरा नुसता लोंबायचा.

एकदा भाऊ खालून डबा घेऊन वर आले. घरी सांबारीतली कोळंबी झाली होती. डब्याचं झाकण जरा किलकिलं झालं असेल नसेल, सर जॉर्जचे डोळे खाडकन उघडले.

"हे काय आहे?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"कोळंबी, सर. आमच्या प्रभूंच्या मसाल्यातली," भाऊ म्हणाले.

आणि काय सांगू! भुवया वर गेल्या, डोळ्यांत पाणी चमकलं, ओठांच्या कोपऱ्यात न मागता आलेलं हसू. तीस वर्षं ह्या शहरात राहिलेला, ह्या शहरावर जीव जडलेला एक म्हातारा माझ्यासमोर बसला होता. मी झटकन कागद ओढला आणि खडूने चेहरा टिपला. त्या दिवसापासून भाऊ रोज डबा आणू लागले. कधी बोंबील, कधी भरलं पापलेट. मी रोज तो चेहरा कागदावर काढी आणि कागद ट्रंकेत टाकी. भुवईचा कोन, गालावरची सुरकुती, कानाची पाळी, सगळं माझ्या बोटांत बसलं. कॅनव्हास मात्र त्यांना दाखवत नसे. पुरं झाल्याशिवाय पाहायचं नाही, असा नियमच केला होता.

समारंभाच्या आदल्या दिवशी सकाळी चित्र हातगाडीवर घालून इस्पितळात नेलं. दिवाणखान्यात ते भिंतीला टेकवून उभं केलं आणि सावे पास करायला आले. मी वरची चादर काढली.

सावे बघत राहिले. काळा कोट असा उतरला होता की हात लावला तर कापड बोटाला लागेल. छातीवरचं पदक झळाळत होतं. खुर्चीच्या हातावर म्हाताऱ्याचा पंजा, निळ्या शिरांसकट. आणि कॉलरच्या वर, जिथे चेहरा असतो, तिथे एक गुळगुळीत बिस्किटी लंबगोल.

"बाई," सावे हळूच म्हणाले, "हा तर आपल्या वॉर्डाचा रंग."

"तोच. दोन हात दिलेत."

"खाली अस्तर?"

"दोन हात."

त्यांनी त्या लंबगोलावरून अंगठा फिरवला. पोपडा नव्हता, ओघळ नव्हता. टेप काढून माप घेतलं. मग जमिनीकडे पाहिलं; ती मी स्वतः झाडली होती. त्यांच्या मिशा थरथरायला लागल्या. त्यांनी तोंड फिरवलं, दोनदा खोकले आणि कागदावर लिहिलं: काम अटींप्रमाणे पुरे. पास.

रावबहादूर आले ते समारंभाच्या खुर्च्या मोजत. चित्रापाशी थांबले. खुर्च्यांचा आकडा तोंडातच राहिला.

"चेहरा कुठाय?"

"कंत्राटात नाही," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"बारा चौरस फूट रंगकाम होतं. अस्तर, दोन हात, कडा सरळ. चेहऱ्याचं कुणी काही बोललं नव्हतं. सावेंनी पास केलंय."

रावबहादूर गर्रकन वळले. "सावे!"

"माप बरोबर भरलं, साहेब," सावे अदबीने म्हणाले. "रंग एकसारखा आहे. नापास कशावर करू?"

"अरे, पण माणसाला तोंड नको?"

"ते माझ्याकडच्या कागदात कुठे येत नाही, साहेब."

रावबहादूर खुर्चीवर बसले, उठले, पुन्हा बसले. "हा दगा आहे! उद्या गव्हर्नरांचे सेक्रेटरी यायचेत. पन्नास पाहुणे. मी दुसऱ्या कुणाकडून चेहरा काढवून घेईन!"

"घ्या ना. सर जॉर्ज परवाच्या बोटीने जाताहेत. त्यांना खुर्चीत जागं ठेवील असा माणूस मात्र शोधा."

खोटं कशाला बोलू, मला भीती वाटत होती. त्यांनी खरंच हाकलून दिलं असतं तर? मुंबईत मला पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं, आणि भाऊंच्या तोंडाकडे मी कसं पाहिलं असतं? पण आता मागे फिरण्यात काही अर्थ नव्हता.

रावबहादुरांनी त्या बिस्किटी लंबगोलाकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग त्यांचा आवाज बसला.

"ठीक आहे. तुम्ही मला खिंडीत गाठलंय. काय ते मागा. शंभर? दीडशे?"

"कोट, खुर्ची, हात, हे रंगकाम. त्याचे सातशे रुपये ठरलेत, ते रुपयांतच द्या. माझी तक्रार नाही. चेहऱ्याचं मात्र मी फीवर करते."

"किती गिन्या?"

"एक."

"एक? एकच?"

"एकच. फीच्या सदरात. सर्जनसाहेबांच्या रांगेत. अहवालात नावासकट."

"चौदा रुपये!" त्यांचा हात खिशाकडे गेला. "अहो, हे घ्या, आत्ताच घ्या!"

"खिशातून नको. खिशातून दिलंत तर ते बक्षीस होईल."

रावबहादुरांचा हात खिशातच राहिला. त्यांना कळलं. कळलं, आणि पहिल्यांदाच त्यांनी मान खाली घातली. गिन्या शंभर मागितल्या असत्या तर त्यांना भांडता आलं असतं. लोभी बाई म्हणून चार लोकांत सांगता आलं असतं. एका गिनीशी भांडायचं म्हणजे फक्त त्या शब्दाशीच भांडायचं, आणि का भांडतो ते मोठ्याने सांगायचं.

फीला अध्यक्षांची मंजुरी लागे. सर जॉर्ज वरच्याच मजल्यावर निरोपाची पत्रं लिहीत होते. रावबहादूर कागद घेऊन गेले, आणि सर जॉर्ज कागदासकट खाली आले. त्यांनी स्वतःचं ते बिनतोंडाचं रूप आपादमस्तक न्याहाळलं. आपादकंठ म्हणायला हवं.

"म्हणजे आजवर ह्या बाई काय रंगवत होत्या?" त्यांनी विचारलं.

"आपला कोट, सर," रावबहादूर पुटपुटले.

"माझ्या शिंप्याला फार आनंद होईल." मग त्यांनी कागद वाचला. एक गिनी. ते तरुणपणी लंडनला बॅरिस्टर होते. त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहून नुसती मान लववली, जशी कोर्टात दुसऱ्या वकिलाला लववतात, आणि सही केली. "कुठे बसू मी?"

खिडकीतून ऊन थेट येत होतं. मी म्हटलं, "कुणीतरी चादर धरायला हवी." सावे पुढे झाले, पण उंचीला कमी पडले. मग राहिले रावबहादूर. पगडी काढून, दोन्ही हात वर करून, ते खिडकीत चादर धरून उभे राहिले.

भाऊंना बोलावणं धाडलं. ते बोंबलांचा डबा घेऊन आले, चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, सगळं एका दमात समजले आणि सर जॉर्जच्या समोर स्टूल घेऊन बसले. डबा मांडीवर. झाकण किंचित उघडं.

मी ब्रश उचलला. त्या सकाळसारखं मी पुन्हा कधी रंगवलं नाही. हात विचारतच नव्हता, आपला आपण चालत होता. भुवई, डोळ्यातलं पाणी, गालाची ऊब, ओठांच्या कोपऱ्यातलं ते हसू. वॉर्डाचा बिस्किटी रंग खालून कातडीसारखा उजळत होता. कुठे कुठे मी तो तसाच ठेवला. मधून मधून रावबहादूर विचारत, "झालं का हो?" आणि मी म्हणे, "चादर जरा डावीकडे."

दुपारी मी ब्रश खाली ठेवला. सर जॉर्ज उठून चित्रासमोर उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "मला इतकं इथून जायचं नाहीये, हे तुम्हाला कुठून कळलं?"

भाऊंनी डबा पुढे केला.

समारंभात सगळ्यांनी चित्राची वाखाणणी केली. न्यायमूर्तींच्या नजरेतली करुणा काय सुंदर उतरलीय, असं गव्हर्नरांचे सेक्रेटरी म्हणाले. ती करुणा बोंबलांसाठी होती, हे आम्ही पाच जणांनी कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या महिन्यात इस्पितळाचा शिपाई लखोटा घेऊन आला. आत चौदा रुपये आणि छापील अहवाल. भाऊंनी चष्मा लावून पान काढलं. फीचं सदर. सर्जन, सॉलिसिटर, आणि खाली: मिस यशोधरा नवलकर, चित्रकार, गिनी १, साभार. भाऊंनी ते एकदा मनात वाचलं, एकदा मोठ्याने वाचलं आणि मग आईला ऐकू जावं म्हणून तिसऱ्यांदा वाचलं.

मग त्यांनी माझ्यासमोर तळहात पसरला.

"काय?" मी विचारलं.

"विलायतेत चाल आहे. गिनीतला पौंड बॅरिस्टरचा, वरचा शिलिंग त्याच्या कारकुनाचा." त्यांनी हात तसाच पुढे ठेवला. "चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या गिन्या मोजल्या, यशू. कुणी शिलिंग दिला नाही. आज माझ्या घरात गिनी आलीय. डबा कोण आणत होतं?"

शिलिंगाचे दहा आणे आठ पै होत. मी मोजून त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी ते देव्हाऱ्यात नेऊन ठेवले आणि मी माळ्यावर जाऊन पोटभर रडले. आनंदाने रडतात म्हणतात ते खरं असतं, हे मला तेव्हा कळलं.

त्यानंतर माझा भाव कुणी रुपयांत विचारला नाही. एका गिनीच्या चाळीस झाल्या, चाळिसांच्या ऐंशी. हार्डकासल परत आला तेव्हा त्याला माझ्याच भावाला यावं लागलं.

दहा वर्षांनी एका दुपारी जिन्यावर ओळखीची धाप ऐकू आली. रावबहादूर वैशंपायन. केस पांढरे, हातात काठी. ते इस्पितळातून निवृत्त होत होते आणि त्यांचं चित्र लावायचं ठरलं होतं.

"बसा," मी म्हटलं. "तुमच्याकडून मी गिन्या घेणार नाही. आपला माणूस. सातशे रुपये द्या, फ्रेमसकट."

रावबहादूर दचकून उठून उभे राहिले.

"नको, नको, बाई! गिन्याच घ्या. वाटेल तेवढ्या घ्या." आणि काठी टेकून, अगदी काकुळतीला येऊन म्हणाले, "रुपयांत तुम्ही तोंड काढत नाही!"

मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि खिडकीवर चादर बांधायला सावेंना निरोप धाडला.